वियोगांची वाट : पंडिता रमाबाई

चिक्कमगळूर जिल्ह्यात, कुद्रेमुखच्या डोंगररांगेत, गंगामूळ नावाचे एक ठिकाण आहे. तुंगा आणि भद्रा या नद्या तेथे उगम पावतात. नेत्रावतीही त्याच डोंगरातून निघून पश्चिमेकडे वळते. बंगळुरातील आपल्यापैकी अनेकजण शृंगेरी-होरनाडूच्या यात्रेच्या निमित्ताने त्या परिसरातून गेले असतील. परंतु अर्वाचीन महाराष्ट्राच्या इतिहासातील एका थोर स्त्रीचा जन्म त्याच अरण्यात, एका मराठी कुटुंबाच्या आश्रमवजा घरात झाला, याची कल्पना त्यांतील थोड्यांनाच असेल. पंडिता रमाबाई २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे जन्मल्या. विदुषी, विधवांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या, केडगावच्या मुक्ती सदनाच्या संस्थापक ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतून आपणांस झालेली असते. त्या ओळखीच्या मागे वियोगांची एक दीर्घ मालिका आहे. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि अखेरीस एकुलती एक कन्या हे सर्व त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. त्यांच्या कार्याची गाथा पुष्कळांनी गायिली आहे. येथे त्या मालिकेच्या अनुषंगाने त्यांचे चरित्र सांगावयाचे आहे.

आरंभ त्यांच्या वडिलांपासून केला पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे हे कारकळजवळच्या माळ या गावचे चित्पावन ब्राह्मण. विद्यार्जनासाठी ते पुण्यास गेले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकले. हे शास्त्रीबुवा दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. एक स्त्री गीर्वाणवाणीतील श्लोक म्हणते आहे, हे तरुण अनंतशास्त्र्यांनी तेथे ऐकले आणि आपणही आपल्या पत्नीस संस्कृत शिकवावयाचे, असा निश्चय केला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्या वडीलधाऱ्यांच्या विरोधामुळे तो तडीस गेला नाही. पुढे म्हैसूर दरबारी त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला. पहिली पत्नी निवर्तल्यावर, वयाच्या चव्वेचाळिशीच्या सुमारास, गोदातीरी पैठण येथे लक्ष्मीबाई या नऊ वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. आजच्या दृष्टीला हा विवाह रुचणार नाही, आणि रुचू नये. परंतु त्या मुलीला त्यांनी संस्कृत शिकविले, धर्मशास्त्राचा आधार देऊन उडुपीच्या विद्वानांपुढे आपल्या कृतीचे समर्थन केले आणि स्वजनांचा जाच टाळण्यासाठी गंगामूळच्या रानात आश्रम वसविला.

रमा सहा महिन्यांची झाली तोच हा आश्रम मोडला. अतिथिसत्कारात आणि देण्याघेण्यात द्रव्य संपले होते. वेताच्या पेटाऱ्यात घालून, एका माणसाच्या डोक्यावरून त्या तान्ह्या मुलीला डोंगर उतरविण्यात आला, आणि त्या दिवसापासून कुटुंबाला स्थिर घर असे राहिले नाही. तीर्थामागून तीर्थ, देवळाच्या ओवरीत मुक्काम, पुराणवाचन आणि श्रोते देतील ती दक्षिणा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. वडील वृद्ध झाले, दृष्टी मंदावली, तेव्हा मुलीला शिकविण्याचे काम आईने अंगावर घेतले. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाईंच्या गुरू लक्ष्मीबाईच होत्या.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. रमाबाईंची मराठी महाराष्ट्रात घडली नाही. आईवडील प्रवासात, परमुलखात असतानाही मुलांशी मराठीतच बोलत, मराठी पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचीत. त्यावरून त्यांना शुद्ध मराठी आपोआप येत गेली. कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली याही भाषा वाटचालीतच अवगत झाल्या. कन्नड मुलखात घरातील मराठी राखण्याची जी खटपट आपल्या शाळेतील मुलांचे आईबाप करीत असतात, तीच डोंगरे दांपत्याने, पाठीशी कोणतीही शाळा नसताना, केली होती.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, आणि या कुटुंबाचा कडेलोट झाला. तोवर अनंतशास्त्र्यांचा आणि त्यांच्या मुलांचा विश्वास असा होता की, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे दान, व्रत, जप, प्रदक्षिणा केल्या की देव संकट निवारतो. होते नव्हते ते दागिने, भांडी, उंची वस्त्रे विकून त्यांनी देवांना आणि ब्राह्मणांना दिली. अंगमेहनत करावी, तर विद्वान ब्राह्मणाच्या कुटुंबाला ती कशी शोभावी? भीक मागावी, तर तीही मागवेना. तिरुपतीच्या परिसरातील रानात पाने खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडिलांनी पवित्र जलाशयात देह ठेवण्याचा विचार केला, मुलांना एकेक करून जवळ घेतले, निरोपाचे बोल सांगितले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास याने जातीचा अभिमान बाजूस ठेवून मजुरी करण्याचे कबूल केले आणि तो विचार मागे पडला. परंतु उशीर झाला होता. वडील त्या हालांतून उठले नाहीत. संन्याशाच्या रीतीने त्यांना भूमीत ठेवावयाचे होते. खांदा द्यावयास कोणी येईना, म्हणून श्रीनिवासाने बापाचा देह धोतरात बांधून एकट्याने वाहून नेला.

दीड महिन्यात आई गेली. कुटुंब पायी चालत रायचूरपर्यंत आले होते. तापाने फणफणलेल्या लक्ष्मीबाईंना भाकरीची इच्छा झाली. रमाबाई एका घरी मागावयास गेल्या. तोंडातून शब्द फुटेना, तरी त्या घरच्या बाईने ओळखले आणि एक तुकडा दिला. तो घेऊन त्या परतल्या, पण आईला तो खाण्याची शक्ती उरली नव्हती. स्मशान कोसभराहून अधिक लांब. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा श्रीनिवास. चौथा खांदेकरी मिळेना, तेव्हा रमाबाईंनी तिरडी उचलली. उंची कमी असल्यामुळे तिरडीचा दांडा खांद्यावर येईना. तो त्यांनी डोक्यावर घेतला. ज्या आईने आठ वर्षे श्लोक शिकविले, तिला पोहोचविताना मुलीच्या वाट्याला आलेला हा भार आयुष्यभर तिच्या स्मरणात राहिला. पुढे काही महिन्यांत थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली.

या तिन्ही मृत्यूंनी रमाबाईंचे केवळ आप्त हिरावून नेले नाहीत. ज्या श्रद्धेवर हे कुटुंब उभे होते तीही नेली. आईवडिलांनी शास्त्राप्रमाणे सर्व काही केले होते. मग हे असे का, या प्रश्नाला त्यांना उत्तर मिळेना. बहीणभाऊ हिमालयाकडे, पंजाबात, काश्मीरपर्यंत पायी भटकले. सुमारे चार हजार मैल चालल्याचे सांगितले जाते. मूर्तींना हात जोडण्याची सवय अंगात होती, मन मात्र त्यातून निघून गेले होते. झेलमच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत निजून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. शोकाकुल माणसाच्या मनाचे वर्णन करण्यासाठी कवींनी पुष्कळ प्रतिमा योजल्या आहेत. वीस वर्षांच्या आतबाहेरची ही दोन भावंडे ती प्रत्यक्ष जगली. आश्चर्य याचे वाटते की त्या काळातही दोघांनी वाचन सोडले नाही, आणि स्त्रियांना शिकविले पाहिजे हे व्याख्यानांतून सांगणे सोडले नाही. देव गेले होते. वडिलांचा तो निश्चय तेवढा उरला होता.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ज्यांच्या तोंडी दोन घास घालावयास काही वर्षांपूर्वी कोणी नव्हते, त्यांच्यावर पुष्पवृष्टी होऊ लागली. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत भेट दिली. परंतु मे १८८० मध्ये ढाका येथे श्रीनिवासाचाही अंत झाला. आपल्यामागे या अविवाहित बहिणीचे कसे होणार, ही चिंता त्याला अखेरपर्यंत होती. आईवडिलांच्या मरणाचा जो एकमेव साक्षीदार, ज्याच्याशी त्या दिवसांबद्दल बोलता येईल असा जो एकच माणूस, तोही गेला. घरात मागे उरलेल्या शेवटच्या माणसाचे दुःख निराळे असते. त्याच्या आठवणीला दुजोरा देणारे कोणी नसते.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या सिल्हेटच्या वकिलाशी बांकीपूर येथे नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीचा आणि प्रांताचा असे दोन्ही बांध त्यांनी ओलांडले. सिलचर येथे संसार मांडला, एप्रिल १८८१ मध्ये कन्या झाली, तिचे नाव मनोरमा ठेवले. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने वारले. संसार दोन वर्षेही टिकला नाही. रमाबाईंचे वय तेव्हा तेवीस, मनोरमा दहा महिन्यांची. ज्या वैधव्याविषयी त्या सभांतून बोलत असत, ते आता त्यांच्या अंगावर आले होते.

पतीच्या पश्चात काही महिन्यांतच त्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या. महाराष्ट्रात घर करून राहण्याचा हा त्यांच्या आयुष्यातील पहिलाच प्रसंग. रानडे, भांडारकर प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला. हंटर आयोगापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली आणि स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची निकड मांडली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च काही अंशी भागविला. १८८३ मध्ये त्या निघाल्या तेव्हा बरोबर मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत होत्या. वैद्यकी शिकावयाची होती. बहिरेपणामुळे ते जमले नाही. वाँटेज येथे आनंदीबाईंनी आपले जीवन संपविले. हा आघात ताजा असतानाच, २९ सप्टेंबर रोजी रमाबाईंनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या धर्मांतरावर महाराष्ट्रात इतकी शाई खर्च झाली आहे की तिच्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही. एवढेच म्हणावेसे वाटते की, त्यांना परदेशात कोणी भुलविले असे मानणारे टीकाकार तिरुपतीचे रान आणि रायचूरचे स्मशान विसरतात. जुन्या श्रद्धेचा शेवट वाँटेजला झाला नाही. तो त्याआधी निदान सहा वर्षे, भुकेने आणि मरणाने केला होता. मधल्या काळात त्या रिकाम्या हातांनी वावरत होत्या. नव्या धर्मातही त्या मुकाट्याने बसणाऱ्या नव्हत्या. मतस्वातंत्र्याच्या प्रश्नावर इंग्लंडमधील आपल्या गुरुजनांशीही त्यांचे खटके उडत.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. पदवी मिळाल्यानंतर वर्ष उलटण्याच्या आतच पुण्यास त्यांचे निधन झाले. १८८७ साली रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांनी आई लक्ष्मीबाईंच्या स्मृतीस अर्पण केले आहे. या पुस्तकाच्या बळावर अमेरिकेत निधी जमला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले.

शारदा सदनातील मुलींकडे पाहिले म्हणजे रमाबाईंनी आपल्या दुःखाचे काय केले हे कळते. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. नवऱ्याची ओळखही नीट झालेली नसताना, आठव्या वर्षी, त्यांना वैधव्य आले होते. अशा मुलींना आपण कशासाठी शोक करावा हेही ठाऊक नसे. समाजाने मात्र जन्मभराचा शोक त्यांच्यावर लादलेला असे. रमाबाईंनी त्यांना उपदेश करण्याऐवजी वह्या दिल्या, शाळेचे वेळापत्रक दिले, फुलझाडे लावावयास बागेतला तुकडा दिला. याच गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या होत्या. दोघेही आपापले दुःख घेऊन आले होते. पुढील स्त्रीशिक्षणाचा केवढा तरी इतिहास या एका घरातून निघाला आहे. त्याच वर्षी धर्मांतराच्या संशयावरून सदनाविरुद्ध काहूर उठले, सल्लागार मंडळातील मंडळी बाजूस झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंच्या तक्रारींत काही तथ्य होते, असे आज तटस्थपणे म्हणावे लागेल.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. आईवडिलांच्या मृत्यूची हकीकत त्रोटकपणे पूर्वी छापली गेली होती. पण आपल्या दुष्काळातील अनुभवांचे सविस्तर कथन त्यांनी या वेळी, १८९७ मध्ये केले. इतकी वर्षे ते दुःख उराशी धरून ठेवलेले, आणि ते मोकळे झाले ते ऐकणाऱ्याने अन्न पाठवावे या हेतूने. त्यांचे ते कथन वाचताना एक गोष्ट जाणवते. विलाप त्यात फारसा नाही. काय विकले, काय खाल्ले, किती चाललो, तिरडी कोणी उचलली, असा तपशील आहे. स्वतःला झालेल्या यातनांविषयी त्या एखाद्या साक्षीदाराप्रमाणे बोलतात. मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या आणि पुण्याजवळ केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, दूधदुभते, छापखाना, शाळा हे सर्व स्त्रियाच चालवीत. रायचूरला ज्या भाकरीला उशीर झाला, ती येथे रोज दोन हजार जणींसाठी भाजली जात होती.

या व्यापात रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्यांच्या संस्कृताने कलकत्त्याचे पंडित दिपले होते, त्यांनी येथे संस्कृतप्रचुर शब्द हटकून टाळले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. हे भाषांतर अनेकांना खडबडीत वाटते, आणि ते तसे आहेही. पण ती भाषा लिहिणारीने कोणासाठी लिहिली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा खडबडीतपणा खुपत नाही.

मनोरमा आता आईची उजवा हात झाली होती. बालपण तिने वाँटेजच्या भगिनींपाशी, आईपासून महिनोन् महिने दूर काढले होते. इंग्लंड-अमेरिकेत शिकून ती परतली, शारदा सदनाची प्रमुख झाली, अंध मुलींना ब्रेल शिकवू लागली, मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली. पुढे तिने निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुलींसाठी शांति सदन ही शाळा काढली. डोंगरे कुटुंबाचा कन्नड मुलखाशी असलेला संबंध असा नातीने पुन्हा जोडला. रमाबाईंच्या पश्चात केडगावचा भार मनोरमाच उचलणार, हे ठरल्यासारखेच होते. पण तिची प्रकृती प्रथमपासून नाजूक, त्यात कामाचा ताण. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमेचा मृत्यू झाला.

त्रेसष्ट वर्षांच्या, जवळजवळ बहिऱ्या झालेल्या आईने हे सहावे मरण कसे सोसले असेल? सिलचरला दहा महिन्यांच्या मुलीकडे पाहून त्या उठल्या होत्या. आता तसे पाहावयास कोणी नव्हते. ज्या मुलीसाठी आणि जिच्या भरवशावर सर्व उभारले, तीच नसताना संस्थेला काय अर्थ उरला, असे कोणासही वाटले असते. त्यांना वाटले की नाही, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही. त्या आपल्या मेजापाशी बसत राहिल्या. भाषांतराची मुद्रिते छापखान्यातून येत होती आणि ती तपासावयाची होती. मनोरमेनंतर त्या जेमतेम साडेआठ महिने जगल्या. ते काम त्यांनी पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ मध्ये. त्याचे खिळे दुष्काळातून आलेल्या, मुक्तीतच वाचावयास शिकलेल्या बायकांनी जुळविले होते.